जुन्या होडीची पारख

होडी नवी घ्यावी की जुनी, हा प्रश्न आपल्याकडील बहुतेक मच्छिमारांपुढे फारसा उभाच राहत नाही. नवी होडी बांधून घेण्याइतके भांडवल हाताशी नसते. सोसायटीचे कर्ज, मासळीच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल आणि घरातला एखादा दागिना यांतून जी रक्कम जमते, तिच्यात दुसऱ्याने वापरलेली होडीच येते. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. चांगल्या हाताखाली राहिलेली जुनी होडी घाईने बांधलेल्या नव्या होडीपेक्षा पुष्कळदा अधिक विश्वासाची ठरते. कारण तिच्या बांधणीतले दोष पूर्वीच उघडे पडून दुरुस्त झालेले असतात. मात्र ती खरोखरच चांगल्या हाताखाली राहिली आहे की नाही, हे ओळखता आले पाहिजे. बैल घेताना दात पाहतात, चालवून पाहतात, नांगराला जुंपून पाहतात. होडी घेताना मात्र ताज्या रंगाकडे पाहून व्यवहार ठरवणारी माणसे आढळतात. बैल खोटा निघाला तर हंगाम जातो. होडी खोटी निघाली तर माणूस जातो. म्हणून या प्रकरणात, मोठ्या जलाशयावर चालवायची जुनी होडी कशी पारखावी, याचा क्रमाने विचार करू.

पाणी किती मोठे?

होडीची पारख पाण्यापासून सुरू होते. कोणतीही होडी निव्वळ चांगली किंवा वाईट नसते. ती एखाद्या पाण्याला योग्य किंवा अयोग्य असते. बंगळूरच्या पूर्वेस, महादेवपुरा परिसरात, बेळ्ळंदूरचे तळे आहे. त्या शहरातील तळ्यांमध्ये ते सर्वांत मोठे म्हणून ओळखले जाते, आणि त्याचा विस्तार साडेतीन चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. आता पैठणचा नाथसागर घ्या. गोदावरीवरील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या धरणामागे पसरलेला हा जलाशय सुमारे ५५ किलोमीटर लांब व जास्तीत जास्त २७ किलोमीटर रुंद असून त्याचे क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर, म्हणजे बेळ्ळंदूरच्या जवळजवळ शंभरपट आहे. भीमेवर १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा जलाशयही क्षेत्राने याच तोडीचा आहे. तो सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या सीमांवर दूरवर पसरलेला आहे. भिगवण आणि इंदापूर येथील मासळी बाजार या पाण्यावर चालतात.

दोन्हीकडे पाणी गोडेच असले, तरी त्यांच्या वागण्यात महदंतर आहे. लाटेची उंची तीन गोष्टींवर अवलंबून असते : वाऱ्याचा वेग, वारा वाहत राहण्याचा काळ, आणि मोकळ्या पाण्यावरून वाऱ्याला मिळणारी धाव. तीन-चार किलोमीटरांच्या धावेत वादळी वाराही फार मोठी लाट उठवू शकत नाही. धाव वीस-पंचवीस किलोमीटरांची झाली, की तोच वारा एक मीटरच्या आसपासच्या लाटा उठवतो. त्यातच आपले जलाशय विस्ताराच्या मानाने उथळ असतात. नाथसागराचा पूर्ण साठा सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर धरला आणि त्यास क्षेत्राने भागले, तर सरासरी खोली आठ मीटरांच्या आसपास येते. अशा पाण्यात लाटेला तळ जाणवू लागतो. तळ जाणवला की लाट आखूड, उभी आणि आदळणारी होते. समुद्राची लांब लाट होडीला उचलून खाली ठेवते. जलाशयाची आखूड लाट एका लाटेतून होडी सावरण्यापूर्वीच दुसरी तिच्यावर आणून आदळते.

जगातील मोठ्या सरोवरांचा अनुभव हाच आहे. उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांपैकी ईरी हे सर्वांत उथळ. त्याची सरासरी खोली अवघी १९ मीटर आहे, आणि वादळात अचानक खवळण्याबद्दल त्याचीच ख्याती आहे. त्या पाचांपैकीच सुपीरियर सरोवरात १० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे २२२ मीटर लांबीचे मालवाहू जहाज वादळात सापडून बुडाले आणि त्यावरील सर्व २९ माणसे दगावली. सरोवर म्हणजे समुद्राहून सौम्य पाणी, हा समज किती भ्रामक आहे, हे यावरून ध्यानात यावे.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अचानक उठलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांना जलसमाधी मिळाली. एक जण पोहून काठाला लागला. मे महिन्याची संध्याकाळ म्हणजे वळवाची वेळ. दुपारपर्यंत आरशासारखे पडून असलेले पाणी घटकाभरात बदलते. जुनी होडी घेणाऱ्याने हीच घटका डोळ्यांसमोर ठेवावी. व्यवहार सकाळच्या शांत पाण्यावर होत असला, तरी होडी त्या घटकेसाठी घ्यावयाची असते.

घडण

अशा पाण्यासाठी होडी घेताना प्रथम तिच्या काठाची उंची पाहावी. होडीत माणसे, जाळी व अपेक्षित मासळी एवढा भार घातल्यावर पाण्याची पातळी आणि होडीचा काठ यांत किती अंतर उरते, हे महत्त्वाचे. लहान तळ्यात वीतभर अंतर चालून जाते. मोठ्या जलाशयावर ते निदान हातभर तरी असावे. दुसरी गोष्ट रुंदीची. अरुंद होडी वल्ह्याला हलकी जाते, पण जाळे ओढताना दोघे एका बाजूला आले की कलते. तिसरी गोष्ट नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची. नाळ उंच व निमुळती असली तर ती लाट कापते. बसकी व रुंद असली तर लाट सरळ आत येते.

आत आलेले पाणी हा बाहेरच्या लाटेइतकाच मोठा शत्रू आहे. सपाट बुडाच्या होडीत घोटाभर पाणी साचले, की होडी किंचित कलताच ते सारे पाणी त्या बाजूला धावते, त्याच्या भाराने होडी आणखी कलते आणि शेवटी उलटते. म्हणून मधल्या आडव्या फळ्या पाणी अडवतील अशा रीतीने बसवलेल्या आहेत का, आणि बसण्याच्या फळ्यांखाली हवाबंद पेट्या किंवा फोम भरलेले कप्पे आहेत का, हे पाहावे. असे कप्पे धड असले तर पाण्याने भरलेली होडीही तळाशी जात नाही आणि माणसांना तिला धरून राहता येते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. येथे तो आधार होडीच्याच पोटात भरून ठेवलेला असतो. मात्र जुना फोम पाणी पिऊन जड झालेला असू शकतो. कप्प्याला बारीक छिद्र पाडून आतला फोम कोरडा आहे की ओला, हे पाहण्यास मालकाने हरकत घेतली, तर त्या हरकतीतच उत्तर मिळते.

कोकणच्या किनाऱ्यावरून आणलेल्या जुन्या होड्यांविषयी येथे एक इशारा द्यावयास हवा. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते. तीच होडी तेवढ्याच भाराने जलाशयात थोडी अधिक खोल बसते, म्हणजे काठाची उंची तेवढी कमी होते. शिवाय खाऱ्या पाण्यात लाकडाला टिकवणारे मीठ मिळते. गोड्या पाण्यात ते नसल्याने बुरशीला अधिक वाव मिळतो. समुद्रात दहा वर्षे टिकलेली होडी जलाशयातही दहा वर्षे टिकेल, असा हिशेब करू नये.

अंग तपासणे

होडी पाण्याबाहेर, दोन ओंडक्यांवर उलटी घालून, दिवसाच्या उजेडात पाहावी. पाण्यात तरंगणारी होडी पाहून सौदा कधीही करू नये. ताजा रंग दिसला तर तो का दिला, हे विचारावे. दरवर्षी रंग देणाऱ्या मालकाच्या होडीवर जुन्या रंगाचे थर दिसतात. विकण्यासाठी रंगवलेल्या होडीवर एकच थर असतो आणि त्याखाली धूळ, गंज व शेवाळ तसेच असते.

लाकडी होडीत कूज शोधावी. सतत पाण्याखाली राहिलेले लाकूड सहसा कुजत नाही, कारण तेथे बुरशीला हवा मिळत नाही. सतत कोरडे लाकूडही कुजत नाही. कुजते ते आलटून पालटून भिजणारे व वाळणारे लाकूड. म्हणून पाण्याच्या पातळीची रेषा, नाळेचा आतला कोपरा, तळाच्या फळ्यांखालची जागा आणि बरगड्या जेथे तळाला मिळतात ते सांधे, ही ठिकाणे आधी पाहावीत. हातोडीच्या दांड्याने फळी ठोकत जावे. धड लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द वाजते. जेथे आवाज बदलेल तेथे टोच्याचे टोक दाबावे. ते लोण्यात जावे तसे आत गेले तर ती फळी गेली असे समजावे. एखादी फळी बदलता येते. तळाचा कणा किंवा लागोपाठच्या बरगड्या कुजल्या असतील तर दुरुस्तीचा खर्च होडीच्या किमतीला भिडतो. खिळ्यांभोवती काळसर, गंजकट डाग दिसले, तर लोखंडी खिळे आतून झिजले आहेत असे मानावे.

लाकडी होडीच्या गळतीबद्दल मात्र घाईने मत बनवू नये. उन्हाळ्यात काठावर पडून राहिलेल्या होडीच्या फळ्या वाळून आकसतात आणि फटी मोकळ्या होतात. पाण्यात घातल्यावर पहिले काही तास ती गळणारच. फळ्या फुगल्या की फटी मिटतात. दोन दिवस पाण्यात राहूनही जी गळते, तिच्या सांध्यांतला काथ्या व राळ तरी गेलेली असते, किंवा फळीच गेलेली असते.

पत्र्याची होडी आतून गंजते. तळाशी साचलेले पाणी, मासळीचा चिखल आणि जाळ्याची शिसे यांच्याखाली पत्रा पातळ होत जातो, आणि बाहेरून ती धडधाकट दिसते. येथे साधे लोहचुंबक उपयोगी पडते. भोके पुटीने बुजवून वर रंग दिला असेल तर तेथे चुंबक चिकटत नाही. तळावर चुंबक फिरवत गेल्यास लपवलेली ठिगळे एकेक करून सापडतात. याहून सोपी परीक्षा म्हणजे होडी ओंडक्यांवर सुलटी ठेवून तिच्यात घोटाभर पाणी ओतावे आणि खाली वाकून पाहावे. बाहेरचे पाणी आत कोठून येते हे दिसत नाही. आतले पाणी बाहेर कोठून ठिबकते ते लगेच दिसते.

फायबरची होडी कुजत नाही व गंजत नाही, म्हणून तिला तपासणीची गरज नाही, असा एक समज पसरलेला आहे. तिचे रोग वेगळे आहेत एवढेच. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर तेथे मार बसला आहे. ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर थर सुटले आहेत. बुडावर फोड दिसले तर थरांत पाणी शिरले आहे. हा विकार खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात अधिक आढळतो. सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे इंजिन टांगण्याची मागची फळी. तिच्या पोटात बहुधा लाकूड असते आणि बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरून ते आतल्या आत कुजते. इंजिन लावलेले असताना त्याचे डोके धरून जोराने मागेपुढे हलवावे. फळी वाकली किंवा तिच्या कडेला भेग उघडली तर ती होडी इंजिनासाठी निरुपयोगी होय.

होडी कोणत्याही जातीची असो, बुडावरचे ओरखडे वाचावेत. आपले जलाशय नांदत्या गावांवर उभे आहेत. त्यांच्या तळाशी घरांच्या भिंती, विहिरींची तोंडे, झाडांचे बुंधे आणि देवळांचे कळस आहेत. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते, हे सर्वांना ठाऊक आहे. मधल्या पातळीच्या वेळी असे अवशेष हातभर पाण्याखाली लपलेले असतात. बुडावरचा लांब, खोल ओरखडा म्हणजे अशाच एखाद्या ठिकाणची आठवण. तो तळाच्या कण्यापर्यंत पोहोचला आहे का, हे पाहणे अगत्याचे आहे.

इंजिन

होडीबरोबर इंजिन येत असेल तर त्याची किंमत वेगळी ठरवावी. एका चांगल्या वस्तूच्या ओझ्याखाली दुसरी वाईट वस्तू गळ्यात पडू देऊ नये. पाहायला जाण्यापूर्वी इंजिन चालू करून ठेवू नका, असे मालकास सांगावे आणि गेल्यावर प्रथम त्यास हात लावून पाहावा. गरम इंजिन कोणाचेही चालू होते. थंड इंजिन किती झटक्यांत चालू होते, ही खरी परीक्षा. बाहेर टांगायच्या इंजिनातून थंडाव्याच्या पाण्याची धार सतत व जोमाने पडली पाहिजे. गिअरपेटीतले तेल थोडे काढून पाहावे : ते दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे. पंखा काढून त्याच्या दांड्याभोवती पाहावे. मासेमारीच्या होडीत जाळ्याचा नायलॉन धागा तेथे गुंडाळला जातो आणि सील कापतो. तेल दुधाळ होण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. आणि इंजिन कितीही चांगले असले तरी वल्ह्यांची जोडी व त्यांच्या खुंट्या धड असल्याच पाहिजेत. इंजिन बंद पडते ते बहुधा वाऱ्यातच.

मालकाची निगा

आतापर्यंत होडीची परीक्षा झाली, आता मालकाची. निगा ही वस्तूच्या लहान भागांत दिसते. दोर वळून ठेवला आहे की चिखलात पडला आहे; पाणी उपसण्याचे डबडे होडीत बांधलेले आहे की शोधावे लागते; तळाच्या बुचाला साखळी आहे की फडक्याचा बोळा; उन्हाळ्यात होडी सावलीत ठेवली होती की उन्हात. ‘काका, हिला शेवटचं काय काम केलंत?’ एवढा एकच प्रश्न विचारून गप्प बसावे. ज्याने होडी जपली आहे तो मागच्या पाच वर्षांतली प्रत्येक फळी, प्रत्येक खिळा सांगू लागतो, दोषही सांगतो. ‘हिला कधी कामच पडलं नाही,’ असे म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. पाण्यात चालणाऱ्या होडीला काम पडतेच. पडले नसेल तर ते केले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

विकण्याचे कारणही विचारावे. वय झाले, मुलगा नोकरीला लागला, मोठी होडी घेतली, ही कारणे समजण्यासारखी आहेत आणि गावात चौकशी करून ताडून पाहता येतात. काठावरच्या इतर मच्छिमारांना त्या होडीचा इतिहास ठाऊक असतो.

पाण्यातील परीक्षा

यानंतर होडी पाण्यात घालावी. सकाळी नव्हे, तर दुपारनंतर, वारा असताना. अर्थात आभाळ भरून आलेले नसताना, काठ जवळ ठेवून व अंगात जीवरक्षक जाकीट घालून. जितक्या भाराने नेहमी काम करावयाचे तितक्या वजनाची वाळूची पोती होडीत मांडावीत आणि काठाची उंची मोजावी. मग दोघांनी एकाच बाजूला बसून ती किती कलते आणि सोडल्यावर किती चटकन सावरते, हे पाहावे. वाऱ्याच्या तोंडावर, वाऱ्याच्या पाठीवर आणि वारा आडवा घेऊन, अशा तिन्ही प्रकारे चालवावी. तासाभराने तळाचे पाणी मोजावे. डबड्याने किती वेळा उपसावे लागले, हा आकडा मालकाच्या शब्दापेक्षा अधिक बोलका असतो.

कागद आणि किंमत

शेवटी कागदपत्रे. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आलेला आहे, आणि यंत्रावर चालणाऱ्या जलयानांची नोंदणी व तपासणी हा त्याचा गाभा आहे. होडीची नोंदणी असल्यास ती आपल्या नावावर करून घेतल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. होडीवर सोसायटीचे, बँकेचे किंवा व्यापाऱ्याचे येणे बाकी आहे का, हे त्या त्या ठिकाणी जाऊन विचारावे. ज्या जलाशयात मासेमारी करावयाची तेथील ठेका ज्या सहकारी संस्थेकडे आहे तिचे सभासदत्व व परवाना यांची निश्चिती होडी घेण्याआधी करावी. होडी दारात आणि परवाना नाही, अशी अवस्था येऊ नये.

किंमत ठरवताना मागितलेल्या रकमेत तीन आकडे मिळवावेत : लगेच कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीचा खर्च, प्रत्येक माणसामागे एक याप्रमाणे जीवरक्षक जाकिटांचा खर्च, आणि दुरुस्ती चालू असताना बुडणाऱ्या दिवसांची कमाई. ही बेरीज हातातल्या पैशांपेक्षा अधिक होत असेल तर ती होडी स्वस्त असूनही आपल्याला महाग आहे. अशा वेळी बहुतेकांचा हात जाकिटांवर चालतो. ती पुढच्या हंगामात घेऊ, असे ठरते. हिशेबातला हाच एक आकडा असा आहे की तो कमी करता येत नाही. पैसे अपुरे पडत असतील तर लहान होडी घ्यावी आणि काठालगतच्या पाण्यात काम करावे, इंजिन मागाहून घ्यावे, किंवा एक हंगाम दुसऱ्याच्या होडीवर वाटेकरी म्हणून जावे.

पाहिलेली होडी नाकारण्याची तयारी असल्याशिवाय होडी पाहायला जाऊ नये. दोन होड्या नाकारून तिसरी घेणाऱ्याची काठावर थोडी चेष्टा होते. ती सोसावी. मे महिन्याच्या एखाद्या संध्याकाळी पश्चिमेकडे धुळीचा पडदा उठेल, पाण्याचा रंग बदलेल आणि काठ दोन किलोमीटर दूर असेल. त्या वेळी चेष्टा करणारे कोणी जवळ नसतात. जवळ असते ती फक्त आपण निवडलेली होडी.